दिवाणी कायद्याचे पहिले धडे आणि शेताची वाट

शेताच्या वाटेवरून होणारे तंटे आपल्या वाचकांस नवीन नाहींत. बांध, वाट, पाणी आणि झाड या चार गोष्टींनीं किती घरें दुभंगलीं याची गणती करूं जातां प्रत्येक गांवांत दहा-पांच नांवें सहज निघतील. अशा तंट्यांत पुष्कळदां दोन्ही पक्ष आपापल्या समजुतीप्रमाणें प्रामाणिक असतात. परंतु आपण ज्यास हक्क म्हणतों तो नेमका कसला हक्क आहे, याचा उलगडा कोणासच झालेला नसतो. आणि तो उलगडा होण्याच्या आंतच वकिलाची पायरी चढली जाते. गेल्या ऊस-हंगामांत आमच्यावरहि हाच प्रसंग आला. त्यांतून बाहेर पडण्यास ज्या एका गोष्टीचा उपयोग झाला, ती म्हणजे कायद्याच्या नवशिक्या विद्यार्थ्यांसाठीं सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं लिहिलेलें एक लहानसें पाठ्यपुस्तक होय. तें पुस्तक कोणतें, त्यांत काय सांगितलें आहे, आणि आपणां शेतकऱ्यांस त्यापासून काय घेतां येईल, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

तंट्याची हकीकत

आमच्या आजोबांच्या हयातींत मूळ एक असलेल्या शेताच्या दोन वांटण्या झाल्या. रस्त्यालगतची वांटणी चुलत आजोबांकडे गेली व ओढ्याकडची आमच्याकडे आली. वांटणीपत्रांत क्षेत्र लिहिलें, चतुःसीमा लिहिल्या. वाटेविषयीं मात्र एक अक्षरहि लिहिलें नाहीं. त्या वेळीं भाऊ-भाऊ एका पंक्तीस जेवीत होते, त्यामुळें लिहिण्याची गरज कोणास वाटली नाहीं. चुलत्यांच्या शेतांतून आमची बैलगाडी जात असे आणि तिला कोणी कधीं अडविलें नाहीं.

पुढें बैलगाडी गेली आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरच्या मागून उसाचे ट्रक आले. गेल्या वर्षीं ओल्या रानांतून ट्रक गेल्यानें चुलतबंधूंच्या बांधाचा एक भाग ढांसळला व चाकोरीलगतचे हरभऱ्याचे चार-सहा तास दडपून गेले. यंदा त्यांनीं वाटेवर बाभळीच्या फांट्या आणून टाकल्या आणि सांगितलें, "दादा, बैलगाडी खुशाल न्या. ट्रक मात्र माझ्या पिकांतून जायचा नाहीं." इकडे आमच्या उसाला तोडणीची पाळी आलेली. तोडलेला ऊस रानांत पडून राहिला तर वजन उतरतें, आणि पाळी चुकली तर पुन्हां कधीं येईल याचा नेम नाहीं. मन कडू झालें. एकानें सल्ला दिला कीं रात्रीं फांट्या उचलून टाका. दुसरा म्हणाला, सात-बारा काढून आणा. तिसऱ्यानें पोलिसांत जाण्यास सुचविलें.

आमचे पुतणे पुण्यास कायद्याच्या पहिल्या वर्गांत शिकतात. ते सुटींत घरीं आले होते. सगळें ऐकून घेऊन ते म्हणाले, "काका, फांट्या उचलण्याआधीं एवढें ठरवा कीं तुम्ही मागतां काय? जमीन मागतां, जमिनीवरचा हक्क मागतां, कीं काकांचा शब्द मागतां? या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत." मीं विचारलें, "हें तुला शिकविलें कोणीं?" तेव्हां त्यांनीं पिशवींतून एक भाषांतरित पुस्तक काढून पुढें ठेवलें.

पुस्तकाचा इतिहास

जस्टिनियन हा पूर्व रोमन साम्राज्याचा बादशहा होता. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचें इस्तंबूल, ही त्याची राजधानी होती आणि त्याची कारकीर्द सन ५२७ पासून ५६५ पर्यंत चालली. हजार वर्षांत सांचत आलेल्या रोमन कायद्याचा त्या काळीं अगदीं जंगलासारखा गुंता झाला होता. निरनिराळ्या बादशहांचीं फर्मानें, निरनिराळ्या पंडितांचीं मतें, आणि एका मताविरुद्ध दुसरें मत, अशी स्थिति होती. जस्टिनियननें ट्रिबोनिअन नांवाच्या आपल्या मंत्र्यास हें रान साफ करण्याच्या कामावर नेमलें. पंडितांच्या ग्रंथांतील वेंचे काढून पन्नास भागांचा एक मोठा संग्रह तयार झाला, त्यास डायजेस्ट म्हणतात. खुद्द बादशहाच्या हिशेबाप्रमाणें सुमारें दोन हजार ग्रंथांतील तीस लक्ष ओळींच्या जागीं दीड लक्ष ओळी उरल्या.

परंतु एवढा संग्रह नवशिक्या मुलाच्या हातीं देणें म्हणजे पहिल्याच दिवशीं त्याला नांगराला जुंपण्यासारखें होतें. म्हणून ट्रिबोनिअनच्या देखरेखीखालीं राजधानीचे अध्यापक थिओफिलस आणि बैरूतच्या कायदेशाळेचे अध्यापक डोरोथिअस या दोघांनीं चार भागांचें एक सुटसुटीत पुस्तक सिद्ध केलें. त्याचें नांव "इन्स्टिट्यूट्स", म्हणजे मूलपाठ. तें २१ नोव्हेंबर ५३३ रोजीं प्रसिद्ध झालें आणि ३० डिसेंबर ५३३ पासून डायजेस्टबरोबरच त्यासहि कायद्याचें बळ मिळालें. पाठ्यपुस्तक आणि कायदा या दोन्ही पदव्या एकाच पुस्तकास मिळाल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल. तेथील विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम पांच वर्षांचा असे. पहिल्या वर्षाच्या मुलांस थट्टेनें "दोन पैशांचे" म्हणण्याची चाल होती. ती बादशहानें बंद केली व त्यांना आपलें स्वतःचें नांव देऊन "नवे जस्टिनियन" म्हणावें असें ठरविलें.

या पुस्तकाचा सांचा मात्र नवा नव्हता. सुमारें चारशें वर्षांपूर्वीं गायस नांवाच्या अध्यापकानें असेंच एक पुस्तक लिहिलें होतें. त्याची मूळ प्रत पुढें नष्ट झाली असें सर्वजण समजत होते. सन १८१६ मध्यें नीबूर नांवाच्या जर्मन विद्वानास इटलींतील व्हेरोना शहरीं एक जुनें चामड्याचें बाड सांपडलें. त्यावर संत जेरोम यांचीं पत्रें लिहिलेलीं होतीं. पण त्याखालीं खरवडून पुसलेलीं गायसचीं अक्षरें अस्पष्ट दिसत होतीं. एका पिकाच्या मुळांखालीं जुन्या पिकाचीं धसकटें दिसावीं तसाच हा प्रकार झाला.

व्यक्ति, वस्तु आणि दावा

आपल्याकडे "दिवाणी" हा शब्द दिवाणाच्या कामावरून आला. सन १७६५ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीस बंगालची दिवाणी मिळाली, आणि १७७२ मध्यें वॉरन हेस्टिंग्ज यानें दिवाणी अदालत व फौजदारी अदालत अशीं दोन निरनिराळीं न्यायालयें घातलीं. रोमन लोकांचा शब्द नागरिक या अर्थाच्या शब्दापासून निघाला होता. एका नगराच्या लोकांनीं आपल्यापुरता ठरविलेला कायदा, असा त्याचा मूळ अर्थ. शब्द निराळे असले तरी विषय एकच आहे. गुन्हेगारास शासन करणें हें फौजदारीचें काम. एका माणसाचें दुसऱ्याकडे जें येणें आहे तें त्यास मिळवून देणें हें दिवाणीचें काम.

पुस्तकाचा आरंभ न्याय कशास म्हणावें येथून होतो. सरळपणें वागावें, दुसऱ्यास इजा करूं नये आणि ज्याचें त्यास पोंचवावें, या तीन गोष्टींवर सर्व कायद्याचा भार ठेवलेला आहे. नंतर सांगितलें आहे कीं, सगळा कायदा व्यक्ति, वस्तु आणि दावे या तीन खणांत मावतो. पहिल्यांत सज्ञान कोण, अज्ञान कोण, पालक कोण याचा विचार होतो. दुसऱ्यांत मालकी, वारसा व देणेंघेणें हीं येतात. तिसऱ्यांत हक्क कोणत्या वाटेनें मागावा याचा विचार आहे.

याच तिसऱ्या खणांत या कायद्याची सर्वांत मोठी शिकवण आहे. दावे मुख्यतः दोन जातींचे. एका दाव्यांत मनुष्य म्हणतो, "ही वस्तु माझी आहे," किंवा "या वस्तूवर माझा अमुक हक्क आहे." हा दावा त्या वस्तूच्या पाठीमागें जातो, मग ती कोणाच्याहि हातीं असो. दुसऱ्या दाव्यांत मनुष्य म्हणतो, "अमक्यानें मला अमुक देण्याचें कबूल केलें आहे," किंवा "अमक्यानें माझें नुकसान केलें आहे." हा दावा त्या माणसाच्या पाठीमागें जातो. बैल चोरीस गेला तर मूळ मालक तो कोणाच्याहि गोठ्यांतून मागूं शकतो. पण बैल विकण्याचा नुसता शब्द दिला असेल तर मागणें शब्द देणाऱ्याकडेच राहतें. आमच्या पुतण्यांचा प्रश्न याच भेदावर बसविलेला होता.

नदी, झाड आणि पेरलेलें बीं

या पुस्तकाचा दुसरा भाग वाचतांना तें राजधानींतील पंडितांनीं लिहिलें आहे असें वाटत नाहीं. शिवाराचा पाटीलच बोलत आहे असें वाटतें. हवा, वाहतें पाणी, समुद्र व त्याचा किनारा हीं सर्वांचीं, नद्या सार्वजनिक. नदीनें गाळ आणून कोणाच्या कांठाला इतक्या हळूहळू जमीन जोडली कीं क्षणोक्षणीं किती वाढली तें दिसूं नये, तर ती वाढ कांठच्या मालकाची. परंतु पुरानें एखाद्याच्या शेताचा तुकडाच तोडून शेजाऱ्याच्या शेताला नेऊन लावला, तर तो मूळ मालकाचाच राहतो. फार काळ तो तेथें राहिला आणि त्यावरील झाडांनीं शेजाऱ्याच्या जमिनींत मुळें धरलीं, म्हणजे मग तो शेजाऱ्याचा होतो. पात्राच्या मध्यभागीं बेट झालें तर दोन्ही कांठांच्या मालकांनीं आपापल्या कांठाच्या लांबीप्रमाणें तें वांटून घ्यावें. पुराचें पाणी शेतावर पसरलें तर मालकी मुळींच बदलत नाहीं. पाणी उतरलें कीं ज्याची जमीन त्याची. आपल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि नदीनें जोडलेल्या व तोडलेल्या जमिनीसाठीं वेगळीं कलमें आहेत. नदीकांठच्या शेतकऱ्यांनीं तीं तलाठ्याकडून समजून घ्यावीं.

झाडाविषयींचा नियम मुळांवर चालतो. दुसऱ्याचें रोप माझ्या जमिनींत लागलें आणि त्यानें मुळें धरलीं, म्हणजे तें माझें झालें. बांधावरच्या झाडाचीं मुळें दोन्ही शेतांत गेलेलीं असतील तर तें झाड दोघांच्या सामाईक मालकीचें. दुसऱ्याच्या जमिनींत कोणी पेरलें तर पीक जमिनीबरोबर जातें. परंतु जमीन आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीनें ज्यानें पेरलें, त्याचा खर्च न देतां मालकानें पीक मागणें हा लबाडीचा प्रकार समजला जाई. आपल्या सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५१ येथें आणखी उदार आहे. खरेदी दोषरहित आहे अशा प्रामाणिक विश्वासानें जमीन घेऊन पेरणी केलेल्यास ती जमीन सोडावी लागली, तरी उभें पीक त्याचें राहतें आणि तें काढून नेण्यासाठीं शेतांत येण्याजाण्याची त्यास मोकळीक असते.

मधमाशांचा नियम तर मोठा मौजेचा आहे. झाडावर बसलेल्या माशा झाडाच्या मालकाच्या नव्हेत. ज्यानें त्या पोळ्याच्या पेटींत घेतल्या त्याच्या. आपल्या पेटींतून उठलेला थवा जोंपर्यंत नजरेंत आहे आणि त्याचा पाठलाग करणें शक्य आहे, तोंपर्यंत तो आपला. नजरेआड गेला कीं जो धरील त्याचा. मात्र दुसऱ्याला आपल्या शेतांत शिरण्यास मनाई करण्याचा हक्क मालकास आहेच.

शेत नांगरतांना गुप्तधन सांपडलें तर काय? स्वतःच्या जमिनींत सांपडलें तर सर्व स्वतःचें. दुसऱ्याच्या जमिनींत सहजगत्या सांपडलें तर निम्में सांपडविणाराचें व निम्में मालकाचें. वाचकांनीं मात्र या रोमन नियमावर विसंबूं नये. आपल्याकडे सन १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. त्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास लेखी खबर देणें भाग आहे, आणि लपविल्यास शिक्षा होते.

वाट आणि पाणी

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. दुसऱ्याच्या जमिनीवरील हक्कांत या पुस्तकानें शेतीचे चार हक्क मुख्य मानले आहेत. पहिला, माणसानें पायीं जाण्याचा. दुसरा, जनावर किंवा गाडी हांकून नेण्याचा. तिसरा, पूर्ण वाटेचा. त्यांत पहिले दोन्ही येतात. चौथा, दुसऱ्याच्या शेतांतून पाट काढून पाणी नेण्याचा. याखेरीज पाणी शेंदणें, गुरांस पाणी पाजणें, चारणें, वाळू काढणें हेहि हक्क असूं शकतात. पूर्ण वाटेची रुंदी रोमच्या अतिप्राचीन बारा पाट्यांच्या कायद्यांत सरळ ठिकाणीं आठ फूट आणि वळणावर सोळा फूट ठरविलेली होती. गाडी वळविण्यास जागा अधिक लागते, हें त्या लोकांना ठाऊक होतें. येथें मुख्य गोष्ट ही कीं वाटेचा हक्क म्हणजे वाटेची मालकी नव्हे. जमीन शेजाऱ्याचीच; तिच्यावरून जाण्याचा हक्क आपला. आणि हा हक्क माणसाला चिकटलेला नसून शेताला चिकटलेला असतो. शेत विकलें कीं हक्कहि त्याच्याबरोबर जातो.

आपल्याकडे या विषयासाठीं सन १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे. इंग्रजांचा कायदा रोमन कुळांतला नव्हे. तथापि वाटेच्या व पाण्याच्या हक्कांच्या बाबतींत त्यानें रोमन विचार पुष्कळ उचलला, आणि त्याची खूण या कायद्यांत जागोजाग दिसते. कलम १५ प्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांततेनें, हक्क म्हणून आणि खंड न पडतां वापरलेली वाट हक्काची होते. सरकारी जमिनीवर ही मुदत तीस वर्षें आहे. कलम १३ प्रमाणें सामाईक जमिनीची वांटणी होऊन एका हिश्शास दुसऱ्या हिश्शांतून गेल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर ती वाट न लिहितांहि कायद्यानें मिळते. येथपर्यंत वाचून मला हायसें वाटलें.

परंतु पुतण्यांनीं पुढचें कलम दाखविलें, आणि माझा उत्साह निवळला. कलम २८ सांगतें कीं, गरजेनें मिळालेल्या हक्काची व्याप्ति तो हक्क निर्माण झाला त्या वेळच्या गरजेएवढीच असते; आणि एका प्रकारच्या वाटेच्या हक्कांत दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाहीं. रोमन पुस्तकांतील पायवाट आणि गाडीवाट यांचा भेद तो हाच. वांटणी झाली तेव्हां गरज बैलगाडीची होती. शिवाय कलम २२ प्रमाणें हक्क वापरणारानें तो शेजाऱ्यास कमींत कमी त्रास होईल अशाच रीतीनें वापरला पाहिजे. म्हणजे फांट्या टाकून वाट अडविण्यांत चुलतबंधूंची चूक होती. पण लादलेला ट्रक ओल्या रानांतून नेणें हा माझाहि निर्विवाद हक्क नव्हता. दोघेहि थोडे खरे आणि थोडे खोटे होतों.

काळाचा हक्क

कालानें हक्क कसा उत्पन्न होतो, हाहि या पुस्तकाचा एक महत्त्वाचा धडा आहे. जुन्या रोमन कायद्यांत जमीन दोन वर्षें व इतर वस्तु एक वर्ष कबजांत राहिल्यास मालकी येत असे. जस्टिनियननें ही मुदत वाढवून जंगम वस्तूंस तीन वर्षें, आणि जमिनीस दहा वर्षें, किंवा दोन्ही पक्ष एका प्रांतांत राहत नसल्यास वीस वर्षें केली. परंतु अट अशी कीं कबजा प्रामाणिक समजुतीनें व योग्य कारणानें मिळालेला असावा; चोरलेल्या वस्तूस किंवा बळानें घेतलेल्या जमिनीस हा नियम लागत नसे.

आपल्या सन १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांत ही प्रामाणिकपणाची अट नाहीं. मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणें व अखंड बारा वर्षें कबजा चालला आणि मालकानें दावा केला नाहीं, तर मालकाचा हक्कच कलम २७ प्रमाणें संपतो. म्हणून परगांवीं नोकरीस असलेल्या बंधूंनीं आपली जमीन कोणाच्या व कोणत्या नात्यानें ताब्यांत आहे, हें कागदावर ठेवावें. भाऊबंदानें कसावयास घेतलेली जमीन परवानगीनें दिली आहे असा लेख असला, तर तो कबजा मालकीविरुद्ध आहे असें म्हणण्यास जागा राहत नाहीं.

वाटेच्या बाबतींतहि झोंपून राहणें महाग पडतें. वीस वर्षांचा वापर दावा लावण्याच्या आधींच्या दोन वर्षांच्या आंत संपलेला असला पाहिजे, त्याहून जुना चालत नाहीं. आणि अडथळा समजूनहि एक वर्ष गप्प बसल्यास वापर खंडित धरला जातो. सन १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं अडविलेली शेतवाट मोकळी करून मागण्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो. मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार. बांधावरून वाट मागावयाची असल्यास महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं तहसीलदारांकडेच चौकशी होते.

करार आणि जोखीम

पुस्तकाच्या तिसऱ्या भागांत करारांचें विवेचन आहे. वस्तु हातीं दिल्यानें, ठराविक शब्द उच्चारल्यानें, लिहिण्यानें किंवा नुसत्या संमतीनें असे चार प्रकारें करार होतात. बियाण्यासाठीं उसनें धान्य घेतलें तर तेंच दाणे परत करावयाचे नसतात, तेवढेंच व तसेंच धान्य द्यावयाचें असतें; आणि घरीं आणल्यावर उंदरांनीं खाल्लें तरी तें देणें चुकत नाहीं. परंतु शेजाऱ्याचा बैल कामापुरता मागून आणला तर तोच बैल परत द्यावयाचा. आणि आपण काळजी घेतली असून तो दैवानें मेला, तर जोखीम मालकाची. अवघें एक पान, पण उसनवारीचे निम्मे तंटे त्यांत मिटतात.

खरेदीचा रोमन नियम मात्र आपल्याहून निराळा आहे. तेथें किंमत ठरून करार पुरा झाला कीं ताबा मिळण्यापूर्वींच जोखीम घेणाराची होई. पुरानें जमीन कापून नेली तर तोटा त्याचा, आणि नदीनें जमीन जोडली तर लाभहि त्याचाच. आपल्याकडे शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. साठेखतानें जमिनींत कसलाहि हक्क निर्माण होत नाहीं, असें मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५४ स्पष्ट सांगतें. आणि जोखीम घेणाराकडे जाते ती मालकी गेल्यावर. म्हणून विसार देऊन व साठेखत करून जे बंधु जमीन घेतली असें समजतात, त्यांच्या हातीं जमीन नसून केवळ देणाराचा शब्द असतो. तो शब्द न्यायालयांतून पाळून घेण्याची मुदतहि तीन वर्षांचीच आहे. तसेंच सात-बारावरील नोंद खरी आहे असें गृहीत धरलें जातें खरें, पण विरुद्ध पुरावा आल्यास तें गृहीत टिकत नाहीं. फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं आणि बुडतहि नाहीं.

चवथ्या भागांत नुकसानीचा विचार आहे. रस्त्यालगतचें झाड छाटतांना आरोळी न देतां फांदी टाकली आणि वाटसरूस इजा झाली तर छाटणारा जबाबदार. आरोळी दिली असून तो जुमानला नाहीं तर नव्हे. जनावरानें आपला नेहमींचा स्वभाव सोडून कोणास इजा केली तर मालकानें भरपाई द्यावी, नाहीं तर जनावरच देऊन टाकावें.

या पुस्तकांत सगळेंच सोनें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. माणसांचे स्वतंत्र आणि गुलाम असे दोन वर्ग त्यानें सरळ मान्य केले आहेत. गुलामगिरी निसर्गाच्या विरुद्ध आहे असें एका जागीं म्हणून पुढच्याच पानांवर गुलामांच्या खरेदी-विक्रीचे नियम दिले आहेत. ज्याचें त्यास द्यावें म्हणणाऱ्या कायद्यानें त्या माणसांस त्यांचें स्वातंत्र्य मात्र दिलें नाहीं. तथापि विचार करण्याची जी रीत त्यानें घालून दिली ती युरोपच्या पुष्कळ देशांनीं घेतली. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता त्याच परंपरेंतील. ती गोव्यांत आली, आणि तिच्यांतील कुटुंबविषयक भाग तेथें आजहि लागू आहे. वारशाविषयीं गोव्यानें २०१२ सालीं स्वतःचा कायदा केला.

तंट्याचा शेवट

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी चुलतबंधूंच्या घरीं गेलों. प्रथम गेल्या वर्षींच्या बांधाची चूक पदरांत घेतली. मग वाटेचें बोलणें काढलें. ते म्हणाले, "दादा, एवढें तुम्हीं गेल्या वर्षींच म्हणायला हवें होतें." पुढचें काम अवघड नव्हतें. वाट सरळ ठिकाणीं बारा फूट व वळणावर अठरा फूट ठरली. वळणाची गोष्ट रोमच्या पाट्यांवरून पुतण्यांस सुचली. मुरूम आमचा, बांधाची दुरुस्ती आमची, रान ओलें असतां ट्रक बंद, आणि वाटेखालीं जाणाऱ्या जास्त पट्टीचा मोबदला आम्हीं द्यावयाचा. वांटणीपत्रांत जें एक वाक्य लिहावयाचें राहिलें होतें, तें आम्हीं दुय्यम निबंधकांच्या कचेरींत जाऊन नोंदणीकृत दस्तानें लिहिलें. या खटाटोपांत तोडणीची पाळी नऊ दिवस लांबली आणि उसाचें थोडें वजन उतरलें. न्यायालयांत गेलों असतों तर नऊ दिवसांत तारीखहि मिळाली नसती.

वाचकांस विनंति एवढीच कीं, वांटणी करतांना क्षेत्र व चतुःसीमा यांच्याबरोबर वाट कोठून, किती रुंद, कोणत्या वाहनासाठीं, पाट कोठून, विहिरीच्या पाण्याची पाळी कशी, आणि बांधावरचीं झाडें कोणाचीं, हें सर्व लिहावें आणि दस्ताची नोंदणी करावी. भाऊ-भाऊ एका पंक्तीस जेवीत आहेत तोंपर्यंतच हें लिहिणें सोपें असतें.